परदेशी शिक्षणाला जाताना आपली माणसे कशी शोधावीत?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर या भागातील आपल्या समाजाची मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. ज्यांच्या आजोबांनी भुसावळच्या रेल्वे यार्डात, जळगाव-अमळनेर-धुळ्याच्या कापड गिरण्यांत किंवा दुसऱ्याच्या शेतात अंगमेहनत केली, त्यांची नातवंडे आज लंडन, बर्लिन, मेलबर्नची वाट धरीत आहेत. ही आपणा सर्वांच्या अभिमानाची बाब आहे. परंतु मुलाचा किंवा मुलीचा प्रवेश निश्चित झाला की घरात ज्या चर्चा होतात त्या फी, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि कर्जाचा हप्ता यांच्याभोवतीच फिरतात. तेथे गेल्यावर पहिल्या रात्री कोणाचे दार वाजवायचे, आजारी पडल्यास कोणाला हाक मारायची, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात आठवतो किंवा आठवतच नाही.

वास्तविक परदेशातील शिक्षण अर्धवट राहण्याची भीती केवळ अभ्यास न जमल्यामुळे नसते. एकटेपणा, पैशाची ओढाताण आणि योग्य वेळी योग्य सल्ला न मिळणे ही कारणेही तितकीच घातक ठरू शकतात. ज्या घरातून यापूर्वी तीन-चार माणसे परदेशी गेली आहेत, त्या घरातील मुलाला ही माहिती जेवणाच्या ताटावरच मिळते. आपल्याकडे बहुतेक घरांतून जाणारी व्यक्ती ही पहिलीच असते. म्हणूनच आपली माणसे शोधणे हे आपल्या विद्यार्थ्यांसाठी पासपोर्टइतकेच आवश्यक काम आहे. ते कसे करावे, याची माहिती देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बाबासाहेबांचा अनुभव

या विषयात आपल्याला सर्वांत मोठा धडा खुद्द बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतून मिळतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे कोणीही नातेवाईक अथवा जातबांधव नव्हते. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही, म्हणून सुमारे आठवडाभरातच ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी एकत्र राहत असत. अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात ते स्थिरावले आणि तेथे त्यांना नवल भथेना हे पारशी मित्र लाभले.

ही मैत्री पुढे किती उपयोगी पडली पाहा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले होते. १९२० साली तो पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून शिल्लक टाकलेला पैसा पुरेसा नव्हता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी साहाय्य केले आणि नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. त्यानंतरच्या तीन वर्षांत बाबासाहेबांनी एम.एस्सी., बॅरिस्टर आणि डी.एस्सी. या पदव्या संपादन केल्या. न्यूयॉर्कच्या एका वसतिगृहात जुळलेली मैत्री सात वर्षांनी लंडनच्या शिक्षणाला आधार झाली.

यात लक्षात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट अशी की बाबासाहेबांनी पहिली जागा जमली नाही म्हणून कुढत बसणे पत्करले नाही. त्यांनी दोन वेळा जागा बदलली. दुसरी गोष्ट अशी की त्यांना आधार देणारा मित्र त्यांच्या जातीचा नव्हता, भाषेचा नव्हता, धर्माचाही नव्हता. 'आपले माणूस' ही व्याख्या बाबासाहेबांनी रक्तावरून केली नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केल्या जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच वाटेने नेता येईल काय याचा ते विचार करीत होते. ड्यु बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आपुलकीने उत्तर दिले. दोघेही नामवंत होते, तरी एकाला दुसऱ्याकडे माहिती मागताना संकोच वाटला नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी हा निःसंकोचपणा अवश्य घ्यावा.

कल्याणमित्र कोणास म्हणावे?

संयुत्त निकायातील उपड्ढ सुत्तात एक प्रसंग आहे. भिक्खू आनंद तथागतांना म्हणतात की, चांगल्या मित्राची सोबत म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भागच होय. त्यावर तथागत त्यांची दुरुस्ती करतात आणि कल्याणमित्रता हा अर्धा भाग नसून ते संपूर्णच आहे असे सांगतात. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तर मित्र ओळखण्याची कसोटीच दिली आहे. चार प्रकारचे खोटे मित्र तेथे सांगितले आहेत: फक्त घेण्यासाठी येणारा, तोंडाने बोलून काहीच न करणारा, खुशामत करणारा आणि व्यसनात, उधळपट्टीत साथ देणारा. चार प्रकारचे खरे मित्रही सांगितले आहेत: मदत करणारा, सुखात व दुःखात सारखाच राहणारा, हिताचा सल्ला देणारा आणि आपल्याबद्दल कळवळा बाळगणारा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या विमानतळावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यालाही जशीच्या तशी लागू पडते. ती कशी, ते पुढे येईलच.

परदेशात आपली माणसे कोठे भेटतात?

साधारणपणे चार ठिकाणी शोध घ्यावा.

पहिले ठिकाण म्हणजे आंबेडकरी संघटना. ब्रिटनमध्ये 'फेडरेशन ऑफ आंबेडकराइट अँड बुद्धिस्ट ऑर्गनायझेशन्स' ही संस्था अनेक वर्षे कार्यरत आहे. तेथील चळवळीचा पाया मोठ्या प्रमाणावर पंजाबातून गेलेल्या कामगार बांधवांनी घातला. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली खरेदी केले. तेथे स्मारक ठेवण्यास स्थानिक परवानगीचा वाद उद्भवला होता, तो मार्च २०२० मध्ये स्मारकाच्या बाजूने मिटला. लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यातच या घराला भेट द्यावी. तेथे येणाऱ्यांत आपली माणसे हमखास भेटतात. अमेरिकेत 'आंबेडकर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका', 'आंबेडकर इंटरनॅशनल मिशन' आणि 'आंबेडकर इंटरनॅशनल सेंटर' या संस्था आहेत. यांपैकी शेवटच्या संस्थेने मेरीलँड राज्यात अ‍ॅकोकीक येथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा १९ फूट उंचीचा पुतळा उभारला. तो घडविणारे शिल्पकार राम सुतार यांचा जन्म आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावचा, हे वाचकांस ठाऊक असेलच. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या तीन दिवशी जगात जेथे जेथे आपले बांधव आहेत तेथे कार्यक्रम असतो. नवख्या माणसाला ओळख करून घेण्यास याहून चांगला दिवस नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे बुद्ध विहार. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. विहार म्हणजे केवळ आपल्या लोकांनी बांधलेलाच असे नाही. श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथील बौद्धांनी युरोप-अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांत विहार उभारले आहेत. लंडन बुद्धिस्ट विहार हा अनागारिक धम्मपाल यांनी १९२६ साली स्थापन केला. बर्लिनच्या फ्रोनाऊ भागात पॉल डालके या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली बौद्ध गृह बांधले, ते आजही आहे. ज्यांचे नाव आपल्याकडे त्रैलोक्य बौद्ध महासंघामुळे परिचित आहे त्या संघरक्षितांनी १९६७ साली लंडन येथे सुरू केलेल्या संघाची, म्हणजे आजच्या त्रिरत्न बौद्ध संघाची केंद्रे अनेक देशांत आहेत. विहारात त्रिशरण-पंचशील तेच असते, केवळ उच्चार थोडा निराळा असतो. पौर्णिमेला जावे, भोजनदानाच्या दिवशी भांडी घासण्यास उभे राहावे. चार वेळा गेल्यावर पाचव्या वेळी कोणीतरी आपणहून विचारपूस करते.

तिसरे ठिकाण म्हणजे महाराष्ट्र मंडळे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तर उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. आपल्यातील काहीजण तेथे जाण्यास कचरतात. मराठी भाषा ही आपलीही आहे. तिच्यावर कोणा एकाची मालकी नाही. भाकरीचे पीठ कोठे मिळते, डॉक्टर कोठला चांगला, जुना गरम कोट कोणाकडे आहे, ही माहिती मंडळात सहज मिळते. ती घ्यावी. तेथे मन रमले तर उत्तम, न रमले तर दुसरी दारे आहेतच.

चौथे ठिकाण म्हणजे खुद्द विद्यापीठ. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेथे स्वतंत्र कार्यालय असते, विद्यार्थी संघ असतो, मनावर ताण आल्यास समुपदेशक असतो. ही सेवा बहुधा फीमध्येच अंतर्भूत असते. आपल्याकडे 'साहेबाकडे कशाला जायचे' अशी सवय असते, ती येथेच सोडून जावी.

शोधाला सुरुवात घरूनच

सुरतला कामासाठी जाणारा खानदेशी माणूस गाडीत बसण्यापूर्वी लिंबायत-उधन्याला आपल्या गावचे कोण आहे ते विचारून ठेवतो. तीच रीत परदेशासाठी वापरावयाची आहे, फक्त सहा महिने आधी.

प्रथम आपल्या महाविद्यालयात व जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आपल्या विषयाचे माजी विद्यार्थी कोठे गेले याची चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ७५ विद्यार्थ्यांची निवड होते. आपल्याआधी निवड झालेल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय, कारण त्यांनी तेच अर्ज, तीच कागदपत्रे, तीच हमीपत्रे भरलेली असतात. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत एकूण १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीमुळे बौद्ध बांधवांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे ते येथे पात्र ठरतात. मात्र जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे की नाही हे वेळीच पाहून घ्यावे. दोन्ही योजनांच्या अटी वेळोवेळी बदलतात. उदाहरणार्थ, केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळण्यात आले. म्हणून ऐकीव माहितीवर न राहता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी आणि समाज कल्याण कार्यालयात विचारावे.

आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. शेतकरी कुटुंबातील या तरुणाने २०१७ साली एकलव्य ही संस्था सुरू केली आणि २०२१ साली ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला शिकले. घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट दाखविण्याचे काम ही संस्था करते. ज्याला वाटाड्या नव्हता त्याने इतरांचा वाटाड्या व्हावे, हीच खरी चळवळ.

अनोळखी माणसाला लिहिताना काय लिहावे, हा अनेकांचा प्रश्न असतो. पत्र अथवा निरोप आठ-दहा ओळींचाच असावा. आपले नाव व गाव, कोणत्या विद्यापीठात कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, त्यांचे नाव कोणाकडून समजले, आणि नेमके दोन किंवा तीन प्रश्न. 'सर, मार्गदर्शन करा' एवढेच लिहिल्यास समोरच्यास काय उत्तर द्यावे ते कळत नाही. 'विद्यापीठापासून एक तासाच्या अंतरावर भाड्याची खोली साधारण किती पौंडांना मिळते?' असे विचारल्यास दोन मिनिटांत उत्तर येते. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा आठवण द्यावी. राग मानू नये. आणि उत्तर आल्यावर आभाराची ओळ विसरू नये.

विचारण्यासारखे प्रश्न असे: पहिल्या दोन महिन्यांसाठी हाती किती रक्कम असावी? शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यात येईपर्यंत खर्च कसा भागवला? खोलीसाठी अनामत किती व ती परत कशी मिळते? विद्यार्थ्याला काम किती तास करता येते? (सध्याच्या नियमानुसार ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या सत्रात आठवड्याला २० तास, तर जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस.) येथून काय न्यावे आणि काय तेथे स्वस्त मिळते? विमानतळावरून पहिल्या दिवशी कसे जावे? मुलींनी याशिवाय तेथे आधी राहिलेल्या एखाद्या ताईशी अवश्य बोलावे आणि आपल्या आईवडिलांचेही तिच्याशी बोलणे करून द्यावे. दूरच्या मुलीची काळजी दहा नातेवाइकांच्या सल्ल्याने कमी होत नाही, ती अशा एका फोनने होते.

सावध कोठे राहावे?

सिगालोवाद सुत्तातील कसोटी येथे कामास येते. बँकेच्या कर्ज विभागात बसताना अशी प्रकरणे दिसतात की कोणीतरी 'आपलाच माणूस' म्हणून खोलीची अनामत खासगी खात्यात मागतो आणि विद्यार्थी तेथे पोहोचल्यावर त्या पत्त्यावर खोलीच नसते. म्हणून खोली पाहिल्याशिवाय, करारपत्राशिवाय एकही रुपया पाठवू नये. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात अथवा ओळखीच्या घरी काढावेत. फी नेहमी विद्यापीठाच्याच खात्यावर बँकेमार्फत पाठवावी आणि पावती जपून ठेवावी. जो 'जयभीम' म्हणून लगेच पैशाचा विषय काढतो, तो घेण्यासाठी येणारा मित्र होय. जो 'सगळे होऊन जाईल' म्हणतो आणि तारीख सांगत नाही, तो तोंडाने बोलणारा होय. जो 'तुमचा मार्ग चुकतो आहे, हा अभ्यासक्रम घेऊ नका' असे स्पष्ट सांगतो, त्याचे बोलणे कडू लागले तरी तो हितचिंतक होय.

शिक्षणासाठी नव्हे तर नोकरीसाठी आखाती देशांत जाणाऱ्या बांधवांनी अधिक दक्षता घ्यावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर अशा देशांसाठी प्रवासी संरक्षकांची मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंटलाही जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकेच शुल्क घेता येते. त्याहून अधिक मागणाऱ्यापासून दूर राहावे. दूतावासाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक घरी आणि खिशात, दोन्हीकडे लिहिलेला असावा. आखातात परवानगीशिवाय सभा घेणे किंवा वर्गणी गोळा करणे गुन्हा ठरू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

आडनावाचा प्रश्न

हा विषय टाळून चालणार नाही. समुद्र ओलांडल्याने जात मागे राहते असे आपल्याला वाटते. अनुभव नेहमीच तसा नसतो. एकाच घरात चौघे भारतीय विद्यार्थी राहत असतात आणि पहिल्याच जेवणाला आडनाव, गाव, आहार यांची चौकशी सुरू होते. जगाला आता या गोष्टीची जाणीव होऊ लागली आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला आपल्या नियमांत मनाई केली. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये तशीच तरतूद केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने तसा कायदा केला. मात्र कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक तेथील गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले. ब्रिटनच्या सरकारनेही २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा न करता न्यायालयांच्या निर्णयांवर विसंबण्याचे ठरविले. म्हणजे लढा चालू आहे.

आपली ओळख कोणाला, केव्हा सांगावी हा प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय आहे. त्यासाठी कोणी जबरदस्ती करू नये, आणि न सांगणाऱ्याला भित्राही म्हणू नये. परंतु जेथे काहीही लपवावे लागत नाही असे निदान एक ठिकाण आणि निदान एक माणूस प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असलाच पाहिजे. दिवसभर सावधपणे बोललेल्या माणसाला संध्याकाळी मोकळेपणाने बोलता आले नाही तर त्याचे मन अभ्यासात लागत नाही. आपली माणसे शोधा, असे जे वारंवार सांगावेसे वाटते त्याचे मूळ कारण हेच आहे.

मात्र केवळ आपल्यातच राहणे हाही उपाय नव्हे. हंगेरीतील रोमा समाज हा तेथील उपेक्षित समाज. त्यांच्यातील कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन २००७ साली साजोकाझा येथे डॉ. आंबेडकरांच्या नावाने मुलांसाठी शाळा सुरू केली. खानदेशाचे नावही न ऐकलेली ती मुले 'जयभीम' म्हणतात. आपली माणसे कोठे भेटतील, याचा नकाशा आपल्या कल्पनेहून मोठा आहे.

समाजाचे कर्तव्य

हे काम एकट्या विद्यार्थ्याचे नाही. लळिंगच्या लांडोर बंगल्यात १९३७ साली बाबासाहेबांचा मुक्काम झाला होता. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला धुळे-जळगावकडील हजारो बांधव तेथे जमतात. अशा मेळाव्यात, तसेच प्रत्येक विहारात एक साधी नोंदवही ठेवता येईल. परदेशी शिकत असलेल्या वा शिकून आलेल्या आपल्या मुला-मुलींची नावे, देश व विषय त्यांच्या संमतीने तीत लिहावेत. नव्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना ती दाखवावी आणि वर्षातून एकदा, जून महिन्यात, परत आलेल्यांची व जाणाऱ्यांची गाठ घालून द्यावी. यासाठी ना निधी लागतो ना इमारत. लागतो तो एक नियमित लिहिणारा कार्यकर्ता.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तेथे स्थिरावलात की तुमच्या गावाकडून येणाऱ्या पहिल्या पत्राचे उत्तर त्याच आठवड्यात द्या. विमानतळावर एकाला तरी घ्यावयास जा. शिष्यवृत्तीची परतफेड शासन मागत नाही. समाजाची परतफेड मात्र अशीच करावयाची असते.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं!